फूल नसलेलं रोप दाखवा

गेल्या वर्षी होळीच्या आधी मी पिटुनियाच्या बारा पिशव्या आणल्या होत्या. जांभळ्या, गुलाबी, काही पांढऱ्या काठाच्या. शंभराला चार. इतकी भरगच्च फुललेली रोपं कुणी शंभराला चार का देईल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पाडव्यापर्यंत आमची बाल्कनी अशी दिसत होती की समोरच्या विंगमधल्या काकू लिफ्टपाशी थांबवून कौतुक करायच्या. हनुमान जयंतीपर्यंत बारातली नऊ वाळून कुरकुरीत झाली. उरलेली तीन मीच उपटली, बघवत नव्हती म्हणून. आधी पाणी कमी पडतंय असं वाटून दिवसातून दोनदा घालत होते, मग जास्त झालं असं वाटून बंद केलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून ताक घातलं.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "थंडीतलं फूल ते. म्हातारं झालं होतं."

सासूबाईंना मी आईच म्हणते. आई मूळच्या बार्शीच्या. सोलापूरकडच्या उन्हात वाढलेल्या माणसाला पुण्याचा उन्हाळा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, आणि ते त्या दरवर्षी बोलूनही दाखवतात. पण झाडांच्या बाबतीत त्या सहसा स्वतःहून बोलत नाहीत, विचारावं लागतं. यंदा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी तुझी गच्ची बघ, मग दुकान." आमच्या बाल्कनीला त्या गच्चीच म्हणतात.

म्हणून यंदा नर्सरीत जायच्या आधीचे दोन रविवार मी नुसती बाल्कनी बघितली. हडपसर, पाचवा मजला, तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन अजिबात नाही. साडेबाराच्या सुमाराला कठड्यावर पहिली पट्टी येते, तीनपर्यंत निम्मी फरशी व्यापते आणि सूर्य मावळेपर्यंत हलत नाही. साडेतीनला ग्रिलला टांगलेल्या थर्मामीटरवर ४१ दिसले, त्या दिवशी बातम्यांत पुण्याचं कमाल तापमान ३६ होतं. उन्हात टांगलेला थर्मामीटर खरा आकडा दाखवत नाही हे मला माहीत आहे, पण माझी रोपंही उन्हातच टांगलेली असणार होती. डाव्या कोपऱ्यात मात्र बाजूच्या भिंतीमुळे दिवसभर सावली. नाजूक काही आणलं तर तिथे, असं मी वहीत लिहून ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची फजिती येणार आहे.

होळीनंतरच्या रविवारी आई, नवरा आणि मी असे आम्ही तिघं निघालो. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर मागे पडलं की सोरतापवाडीपासून उरुळी कांचनपर्यंत दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. खडकवासल्याहून येणारा कालवा याच अंगाने पुढे जातो आणि गाड्या भरायला महामार्ग दारात, त्यामुळे हा पट्टा रोपांचा झाला. वाटेत एक काटेसावर लागली, अंगावर एकही पान नाही आणि लाल फुलांनी लगडलेली. माझ्या मनात आलं, आपल्याकडचा वसंत हा असा झाडांचा असतो. सावर, पळस, पांगारा यांची मुळं खोल असतात, फुलताना ती पानंसुद्धा टाकून देतात. कुंडीतल्या वीतभर रोपाला तो वसंत म्हणजे उन्हाळ्याची पहिली नोटीस.

बागकामाचे जे व्हिडिओ मी हिवाळाभर बघितले होते, त्यांत मात्र मार्च म्हणजे सुरुवात. बर्फ वितळला, माती मऊ झाली, चला फुलं आणायला. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. चूक माझीच, दुसऱ्याचं पंचांग बघून मुहूर्त काढला होता.

आम्ही ज्या नर्सरीत शिरलो तिच्या रस्त्याकडच्या बाजूला रंगांचा नुसता दंगा होता. पिटुनिया, डायांथस, पॅन्सी, ताटलीएवढे डेलिया. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, शंभराला पाच. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षाही स्वस्त. माझा हात अर्धा पुढे गेलाच होता. आई थेट आत, हिरव्या जाळीखाली उभ्या असलेल्या मालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, फूल नसलेलं रोप दाखवा."

मालकांनी हातातली पाण्याची नळी खाली ठेवली. पन्नाशीचे असतील, डोक्याला उपरणं. "मावशी कुठल्या?"

"बार्शीच्या."

"तरीच."

मग ते आमच्याबरोबर पाऊण तास फिरले. त्यांना विचारलं, की समोरचा तो सगळा माल मग विकता कशाला? ते अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "ताई, त्याचं बी आम्ही भाद्रपदाच्या आसपास टाकतो. दिवाळीला विक्री सुरू होते, जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन झालं की लोक तुटून पडतात. त्याला रात्र गार लागते. आता रात्रीचा गारवा गेला, त्याचा खेळ संपला. लोक फूल बघून मागतात, आम्ही देतो. पाडव्याला दारात ठेवायचं असेल तर खुशाल न्या, बारशाला आणलेल्या फुग्यासारखं. पण जगवायचं म्हणून नेऊ नका." गेल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नाही. अर्थात मी विचारलंही नव्हतं.

पहिल्यांदा सदाफुली. त्यांच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एक ट्रेमधली संकरित, बुटकी, मोठाल्या फुलांची, लाल आणि आमरसाच्या रंगाचीसुद्धा. नर्सरीत तिला 'विंका' म्हणतात. दुसरी गावठी, उंच वाढणारी, फिकट गुलाबी, जिचं बी पडून कुंडीच्या भेगेतही उगवतं. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी मुरलेली की कुणी तिला परकी म्हणणार नाही. कॅन्सरवरची दोन औषधं, विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन, याच झाडातून मिळाली. मी संकरित चार आणि गावठी दोन घेतल्या. मालकांनी पिशव्या भरताना संकरितांवरची फुलं कळ्यांसकट खुडून टाकली. माझ्या तोंडून "अहो!" निघालं. ते म्हणाले, "आता आधी मूळ धरू दे. फूल काय, पंधरा दिवसांत पुन्हा येतं."

रोप कसं बघायचं हे त्यांनी जास्वंदीवर शिकवलं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या फेरीतली मोलाची गोष्ट ती. आधी पान उलटं करायचं. पानाच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, तसं रोप फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, कारण ते एकटं येत नाही. पानामागे बारीक जाळं आणि वरून पिवळे ठिपके दिसले तर लाल कोळी, तो कोरड्या उन्हाळ्यात वाढतच जातो. मग पिशवी दाबायची. त्यांनी माझ्या हातात दोन जास्वंदी दिल्या. एकीची माती बोटाखाली दबली, दुसरी विटेसारखी टणक.

"ही टणक कडियमची," ते म्हणाले. आंध्रात राजमुंद्रीजवळ कडियम नावाचं गाव आहे, गोदावरीच्या गाळावर वसलेलं, तिथे मैलोन्‌मैल नर्सऱ्या आहेत आणि तिथला माल ट्रकने देशभर जातो. लांबच्या प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिकणमातीचा गोळा असतो. रोप उत्तम असतं. भानगड होते ती आपल्या घरी. आपण कुंडीत कोकोपीट आणि खत घालून भुसभुशीत माती करतो आणि त्यात तो गोळा तसाच बसवतो. पाणी घातलं की ते सैल मातीतून भराभर खाली जातं, गोळ्याच्या आत शिरतच नाही. वरून कुंडी ओली, खालून पाणी गळतंय आणि मधलं मूळ तहानलेलं.

मी तिथेच उभी राहून दोन वर्षांपूर्वी वाळलेली पिवळी जास्वंद आठवत होते. उपटली तेव्हा मुळाशी अगदी असाच गोळा निघाला होता, आणि मी तिला रोज पाणी घातलं होतं.

यावर उपाय म्हणजे गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवायचा, बाहेरची माती बोटांनी हलकी सोडवायची आणि मग लावायचं. पण तेसुद्धा पावसाळ्यात केलेलं बरं, भर उन्हात मुळाशी खेळ नको. मी मऊ पिशवीतली, त्यांच्याकडेच काडीपासून केलेली लाल गावठी जास्वंद घेतली. दिसायला साधी, एका फांदीची.

मोगऱ्याला आई पुढे झाल्या. रस्त्याकडच्या बाजूला कळ्यांनी भरलेले मोगरे होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. आत एका रांगेत खुरटे, छाटलेले, जवळजवळ नागडे मोगरे होते. त्यांनी त्यांतले दोन निवडले, पेरापेरातून पोपटी कोंब फुटत असलेले. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. म्हणून जानेवारीच्या सुमारास पाणी तोडतात, पानं झाडतात, छाटणी करतात, आणि ऊन तापू लागलं की पाणी आणि खत देऊन त्याला जागं करतात. कळ्यांनी भरलेला मोगरा घरी नेला तर जागा बदलल्यावर निम्म्या कळ्या गळतात. छाटलेला नेला तर त्याचा पहिला बहर आपल्याच दारात येतो. एक बटमोगरा, एक हजारी. दीडशेला एक, घासाघीस आईंनी केली पण उपयोग झाला नाही.

मला खरं तर अनंत हवा होता. माहेरी, चिपळूणला, विहिरीजवळ अनंत होता. पांढरं फूल संध्याकाळपर्यंत पिवळसर व्हायचं आणि तरीही दरवळत राहायचं. इथे एक देखणं रोप होतं, गर्द हिरव्या चकचकीत पानांचं. मालकांनी विचारलं, "पाणी कुठलं घालणार?"

पाणी कुठलं म्हणजे? मग मी म्हटलं, की मार्चपासून सोसायटीत टँकर सुरू होतात.

"म्हणजे बोअरचं. कुंड्यांना पांढरा थर धरतो का?"

धरतो. कुंड्यांना धरतो, नळांना धरतो, गिझरमध्येही धरतो.

"मग अनंत नको." अनंताला आंबट माती लागते. जड, क्षारांचं पाणी पडत राहिलं की मातीत लोह असूनही त्याला घेता येत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि कळी उमलण्याआधीच गळते. कोकणात पाऊस धो धो, जमीन आंबट, हवा ओलसर, तिथे तो विहिरीकाठी आपला आपण वाढतो. मी दोन मिनिटं त्या रोपाजवळ उभी राहिले आणि पुढे गेले. हवामान म्हणजे नुसतं ऊन नाही, टँकरसुद्धा हवामानातच धरायला हवा हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पुढच्या रांगेत आईंचा आवाज चढला. "अगं, ही घाणेरी!" सुबक पांढऱ्या कुंडीत, पिवळ्या-केशरी फुलांचे गुच्छ. किंमत शंभर, नाव लँटाना. बांधावर जिला शेळीही तोंड लावत नाही, जी काढताना वडिलांचे हात सोलून निघायचे, तिला शंभर रुपये देऊन कुणी घरी नेतं हे त्यांना पटेना. उन्हाला ती चिवट आहे यात शंका नाही. पण बी पक्षी खातात आणि दूरदूर पसरवतात, सह्याद्रीचे डोंगर तिने आधीच व्यापलेत. या बाबतीत मी पूर्णपणे आईंच्या बाजूने होते. पुढे सगळ्या रस्ताभर "शंभर रुपये" हे पालुपद चालू होतं.

बोगनवेल आम्ही पटकन घेतली, राणी रंगाची, तिच्याबद्दल मालकांचं एकच वाक्य होतं, "पाणी दिलं तर पानं, पाणी तोडलं तर फुलं." नवऱ्याने कलमी ॲडेनियमसमोर बस्तान मांडलं होतं. बुंधा मडक्यासारखा फुगलेला, त्यात पाण्याचा साठा. चारशे रुपये. मी कुरकुर केली, पण पश्चिमेच्या उन्हाला यापेक्षा योग्य झाड दुसरं नाही असं मालकांनी सांगितल्यावर गप्प बसले. पावसात मात्र ते आत घ्यायचं, नाहीतर बुंधा सडतो.

आणि पोर्चुलाका, म्हणजे चिनी गुलाब. त्याची विकत पिशवी घेऊ नका असं मालकच म्हणाले. तिथे निंदणी करणाऱ्या एका बाईंनी मूठभर काड्या तोडून वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मातीत नुसत्या खोचायच्या. त्याची फुलं ऊन चढल्यावर उघडतात आणि दुपार कलली की मिटतात, म्हणून त्याला 'ऑफिस टाइम' असंही म्हणतात. नाव अचूक आहे. ते ऑफिसच्या वेळेत फुलतं, आणि मी त्या वेळेत ऑफिसात असते. माझ्या नशिबी ते रविवारपुरतंच.

निघता निघता मी अबोलीची दोन रोपं उचलली. मालक म्हणाले, हिला दुपारचं ऊन नको. मी वही उघडून डावा कोपरा दाखवला. ते म्हणाले, "सावली असेल तर न्या." गांडूळखताची पिशवी धरून एकूण १४५० रुपये झाले. गेल्या वर्षीचे पिटुनिया ३०० रुपयांचे होते, हे नवऱ्याने गाडीत बसल्यावर आठवणीने सांगितलं.

घरी आल्यावर लगेच कुंडीत लावायचं नाही हे बजावलेलं होतं. नर्सरीतली रोपं जाळीखाली, ओलसर हवेत वाढलेली असतात, त्यांना एकदम आमच्या दुपारी उभं केलं तर पानं भाजतात. आठ दिवस ती हॉलच्या दाराशी सावलीत होती. मग बाल्कनीत आली, पण आमच्याकडे कोवळं सकाळचं ऊन नाहीच, ऊन येतं तेच तापून. त्यावर आईंनी आपलं जुनं सुती लुगडं ग्रिलला बांधून दिलं. हिरवी जाळी मिळते, पण लुगड्यातून वाराही येतो आणि ऊनही गाळून येतं. खालच्या मजल्यावरच्यांनी, तुमचं वाळत घातलेलं पडायला आलंय म्हणून, दोनदा बेल वाजवली.

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या दुपारी हात लावू नये इतक्या तापतात, त्यांना बाहेरून चुना फासला. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या. पाणी सकाळी सहाला. संध्याकाळी घालायचा मोह होतो, पण गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली असते, सातला नळाला येतं ते अंघोळीचं पाणी. ते एकदा न बघता घातलं आणि एक सदाफुली दुसऱ्या दिवशी मान टाकून बसली. मग रात्रीच बादली भरून ठेवायला लागलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बटमोगऱ्याला सात कळ्या आल्या. मग मोजणं सोडलं. सदाफुलीला खुडलेल्या फुलांच्या दुप्पट फुलं आली, गावठी जरा उशिरा पण जास्त दमदार. जास्वंदीने मेपर्यंत नुसती पानं काढली. बोगनवेलीला पाणी तोडायला माझं मन धजत नव्हतं, म्हणून तिनेही पानंच काढली.

आणि अबोली. एप्रिलभर छान होती, केशरी तुरे आले होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, चार दिवसांत निम्मं रोप करपलं. रोग समजून मी निंबोळी तेल फवारलं. मग एका शनिवारी दुपारी तीनला घरी होते आणि बघते तर डाव्या कोपऱ्यात कडक ऊन, जिथे कधीच येत नाही असं मी वहीत लिहिलं होतं तिथे. मी बाल्कनी बघितली होती मार्चमध्ये. तेव्हा दुपारचा सूर्य नैर्ऋत्येकडून उतरत होता आणि दक्षिणेकडची भिंत कोपऱ्याला आडोसा देत होती. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्याच्या आधीच दुपारनंतर तो उत्तरेकडे कलून उतरायला लागलेला असतो. त्या भिंतीचा आडोसा मग कुणाला? उत्तरेच्या भिंतीलगत, जिथे मी ॲडेनियम उन्हासाठी म्हणून ठेवलं होतं, तिथे आता सावली सरकायला लागली होती. दोघांची अदलाबदल केली. एक अबोली वाचली.

वळीव पडला त्या आठवड्यात एक संकरित सदाफुली बुडाशी काळी पडून गेली. पाऊस पडूनही मी सवयीने सकाळी पाणी घातलं होतं. बाकी सगळं जागेवर आहे.

परवा लिफ्टपाशी त्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे ती रंगीत फुलं नाही दिसली?" मी वर आले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान काढून पेन्सिलीने लिहिलं, 'पिटुनिया'. आज बघितलं तर त्याखाली आईंच्या अक्षरात होतं, 'चारच आणणे'.